धनुष्य दिलंत, कानसही द्या

मुलाची क्रिकेटची बॅट तडकली की घरचे फेव्हिकॉल आणतात, सुतळी गुंडाळतात, अख्खी संध्याकाळ त्यात घालवतात. मुलीच्या खेळाचं काही बिघडलं की मात्र लगेच हिशेब सुरू होतो. नवीन घ्यायचं, की खेळच बंद करायचा? तिसरा रस्ता असतो हे कुणाला सुचतच नाही.

माझी भाची नववीत आहे. इथेच भडगावात, आमच्या गल्लीत राहते. तिला तिरंदाजीचा भारी नाद. धनुष्य साधं, बांबूचं, हातानं बनवलेलं. आपल्या देशातल्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा गट असतो, त्यात असं बांबूचं-लाकडाचं धनुष्य चालतं. ३० आणि ५० मीटरवर नेम धरायचा असतो. तर मागच्या उन्हाळ्यात त्या धनुष्याचा मुठीवरचा भाग जास्त वाकायला लागला आणि खालचा ताठच्या ताठ. बाण भलतीकडेच जायचा. शिकवणारे म्हणाले, "हे गेलं, नवीन बघा." भाऊ म्हणाला, "यंदा राहू दे." पोरगी दोन दिवस जेवली नाही.

शेवटी मी तिला घेऊन गिरणाकाठच्या भिलाटीत गेले. तिथे एक म्हातारे बाबा आहेत, तरुणपणी तीरकामठे करायचे. खानदेशात तीरकामठा ही काही नवलाची गोष्ट नाही. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी केली ती आपल्याच धरणगावात, याच तिरंदाज लोकांना हाताशी धरून. त्याच लोकांचं कसब आज 'जुनं झालं' म्हणून बाजूला पडलंय, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांनी धनुष्य मुठीपाशी आडवं करून खुंटीवर टेकवलं, दोरी हळूच खाली ओढली आणि भाचीला लांब उभं करून विचारलं, काय दिसतं? दोन्ही बाजूंचा वाक सारखा दिसायला हवा. तो नव्हता. मला वाटलं, आता कमजोर बाजूला काहीतरी बांधून ती जाड करतील. बाबा हसले. म्हणाले, "जठे ताठ शे तठे तास. जठे वाकस तठे हात लावू नको."

म्हणजे जिथे दुखतंय तिथे नाही, जिथे आडमुठेपणा आहे तिथे घासायचं! खालची ताठ बाजू आतल्या अंगानं कानशीनं आणि फुटक्या काचेच्या धारेनं घासायची. बाहेरच्या सालीला धक्का लावायचा नाही, कारण बांबूचे दाट चिवट धागे सालीकडेच असतात. चार-पाच हात मारले की थांबायचं, दोरी वीस-पंचवीस वेळा थोडी-थोडी ओढायची, पुन्हा लांबून बघायचं. घाई केली की संपलं, काढलेलं लाकूड परत येत नाही. आणि जाडीचा हिशेबही मोठा फसवा. जाडी दहावा हिस्सा कमी केली तर ताठपणा दहावा नाही, चौथ्या हिश्शाहून जास्त उतरतो. रुंदीचं तसं नाही, ती जेवढी कमी तेवढाच ताठपणा कमी.

तीन दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कानस भाचीच्याच हातात होती. एके ठिकाणी साल उभी चिरली होती, तिथे डिंक भरून सुती दोरा घट्ट गुंडाळला. धनुष्य थोडं हलकं झालं, ओढायला पूर्वीइतकं जड राहिलं नाही, पण बाण सरळ जातो.

घरी आल्यावर काय ऐकलं म्हणता? "पोरीच्या हातात कानस नि कोयता कशाला? लागलं-बिगलं तर?" अहो, बाजाराच्या दिवशी बुरुडाच्या बायकांकडून आपण सूप-टोपल्या घेतो, त्या बांबू कशानं चिरतात? कोयत्यानंच ना? आपण स्वतः शिलाई मशीन उघडून तेलपाणी करतो, विळीवर नारळ खवतो. धार आपल्या हाताला नवी नाही. ती घरकामापुरती चालते, एवढंच.

जपायला हवंच. आडवी चीर गेली असेल तर ते धनुष्य ओढायचं नाही, ओढता ओढता तुटलं तर तोंडावर येतं. बाण न लावता दोरी सोडायची नाही. खेळ झाला की दोरी उतरवून ठेवायची. आणि मोठ्या स्पर्धांतली फायबरची, चाकांची धनुष्यं असं घासून दुरुस्त होत नाहीत, तिथे पैसा लागतोच. पण सुरुवात तिथून होत नाही ना! झारखंडच्या दीपिका कुमारीनं बांबूच्या धनुष्यावरच हात बसवला. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिचं धनुष्य चाकांचं, पण तिचं नाव ऐकून गावोगावच्या ज्या मुली मैदानात येतील, त्यांच्या हातात पहिल्यांदा बांबूच येणार.

(भाचीचा एक प्रश्न सांगायचा राहिला. "फुई, स्पर्धेत दोरी तर पहिल्या तीन बोटांनी ओढतात, मग एकलव्याचा अंगठा कशाला मागितला?" मी काय उत्तर देणार!)

माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्या शाळांत तिरंदाजी शिकवतात तिथे वर्षातले दोन शनिवार अशा कारागिराला बोलवा. मुलींनी आपलं धनुष्य स्वतः खुंटीवर टेकवून बघावं, स्वतः घासावं. आणि त्या माणसाला सत्काराचं नारळ-शाल देऊन वाटेला लावू नका, सुताराला देता तशी दिवसाची रोख मजुरी द्या. बाबांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. शाळेनं मात्र ते द्यायलाच हवेत.