शून्य म्हणजे दहा? कोणी सांगितलं!

'कॉल ऑफ कथुलू'त शंभरातला आकडा काढायला दोन फासे टाकतात. एकावर ००, १० ते ९०, दुसऱ्यावर ० ते ९. दशक आणि एकक, शाळेत शिकलो तसं वाचायचं. ५० आणि ० म्हणजे पन्नास! अपवाद एकच, ०० आणि ० म्हणजे शंभर.

पण काही मंडळी एककाच्या शून्याला दहा धरून बेरीज करतात. ५० आणि ० झाले ६०, ०० आणि ० झाले १०. वर "आमच्यात अपवादच नाही" म्हणे! अहो, शंभरातल्या दहा फेकांत शून्याचे दहा करता, ते काय मग?

शक्यता दोन्हीकडे सारख्याच, मान्य. भानगड होते ती फासे पडल्यावर पद्धत ठरवली की. कौशल्य ५५ असेल आणि ०० आणि ० पडलं, तर सातव्या आवृत्तीत तुमच्या दहाला 'एक्स्ट्रीम' यश (५५ चा पाचवा भाग ११), माझ्या शंभराला फम्बल. तेव्हा आधी बोला राव!

आणि दोन्ही फासे ० ते ९ चेच असतील तर दशकाचा कुठला, तेही आधीच सांगा. नाहीतर सोयीचा क्रम लावून ५० च्या कौशल्याला शंभरातल्या ७४ फेका पास होतात. मोजून बघा.