यातून काय शिकलास?

गोष्ट संपली की मुलाला पुस्तकात पुन्हा मागे जायचे असते. शेवटच्या पानावर झाडामागे दिसलेले मांजर पहिल्या पानावरही होते का, हे त्याला पाहायचे असते. नेमक्या त्याच वेळी आपण पुस्तक मिटतो आणि विचारतो, ‘मग, यातून काय शिकलास?’ मराठी मध्यमवर्गाचा हा लाडका प्रश्न. इसापनीतीवर पोसलेल्या आपल्या मनाला तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे अळणी वरण वाटते. पंचतंत्राच्या प्रास्ताविकात तर स्पष्टच म्हटले आहे, की त्या गोष्टी राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितल्या. चार वर्षांच्या पोराला कुठे राज्य चालवायचे असते!

चित्रपुस्तकातले चित्र ही मजकुराशेजारची शोभा नव्हे. ‘आजी रागावली’ असे वाक्य असेल आणि चित्रातली आजी पदराआड हसत असेल, तर वाचून दाखवणाऱ्या बाबांपेक्षा अक्षरओळख नसलेल्या मुलाला अधिक कळलेले असते. बाबांची नजर ओळीवर असते, मुलाची आजीवर. हे सुख काढून घेऊन आपण त्याच्या हाती तक्ता देतो. एका चौकटीत एक वस्तू; बोट ठेवायचे, नाव घ्यायचे, पुढे सरकायचे. पाहुण्यांसमोर परीक्षा घ्यायला तक्ता फार सोयीचा.

मराठीत अशी पुस्तकेच नाहीत, ही तक्रार आता खरी नाही. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेली आणि चितारलेली पुस्तके पाहावीत. ‘राधाचं घर’मध्ये राक्षस नाही की परी नाही. घरातली माणसे आहेत, तेवढ्यावर मुले खूश असतात. २०१४ मध्ये पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. शिवाय ज्योत्स्ना प्रकाशन आहे, नॅशनल बुक ट्रस्टचे नेहरू बाल पुस्तकालय आहे, २००४ मध्ये सुरू झालेले प्रथम बुक्स आहे.

मग घोडे अडते कुठे? ‘सोळा पानांना एवढे पैसे?’ या प्रश्नावर. रंगीत छपाईला निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा लागतात. त्यांचा खर्च आणि चित्रकाराचे मानधन पाचशे प्रती काढा की पाच हजार, तेवढेच. प्रती कमी, की किंमत चढली. अनेक भाषांत पुस्तक काढणारे यावर युक्ती करतात. मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवला, की भाषा बदलताना एकच प्लेट बदलावी लागते. पुस्तक स्वस्त होते. मात्र चित्रातल्या दुकानाची पाटी अनेकदा कोरी राहते. तेवढे चालवून घ्यावे.

चालवून घेऊ नये असे एकच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, शिंपले, बिया अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून आदिवासी मुलांचे शिक्षण उभे केले. बाईंनी मुलांच्या हाती वस्तू दिल्या. आज काही अंगणवाड्यांत पुस्तके पोचतात आणि ‘फाटतील’ म्हणून कपाटात बंद होतात. वीस मुलांनी हाताळलेले पुस्तक फाटणारच. ते खर्चात धरूनच दुसरी प्रत मागवावी आणि कपाटाची किल्ली बाईंनी घरी नेऊ नये.