दरमहा दोन हजारांचा ग्रंथपाल

बारावीच्या निकालानंतर गल्लोगल्ली भरणाऱ्या करिअर मार्गदर्शन मेळाव्यांपैकी एक परवा आमच्या वागळे इस्टेटीत पार पडला. त्यात एका मुलीने ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाविषयी पृच्छा केली असता व्यासपीठावरील मार्गदर्शक महाशयांनी ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं, ताई’ एवढ्यावर तिची बोळवण केली, आणि सभागृह हसले. हे पत्र त्या हसण्याच्या निषेधार्थ आहे.

बी.लिब., एम.लिब. होऊन नेट वा सेट उत्तीर्ण झालेल्या महाविद्यालयीन ग्रंथपालास सहायक प्राध्यापकाच्या तोडीची वेतनश्रेणी असते. वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, संशोधनसंस्था, पुराभिलेखागारे यांना वर्गीकरण व सूचीकरण जाणणारा मनुष्य आजही लागतो. आणि ज्या इस्टेटीत पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत तेथे आता उभ्या राहिलेल्या आयटी कंपन्यांचा व्यवहार तरी माहिती नीट लावून ठेवणे व मागताक्षणी काढून देणे याहून निराळा तो काय, हे या महाशयांना कोणी सांगावे?

मोबाइलच्या नावाने खडे फोडण्यापूर्वी मोबदल्याचा हिशेब पाहावा. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केल्याचा २०२२ साली केवढा गाजावाजा झाला! त्या वाढीनंतर ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाच्या पदरात वर्षाकाठी ४८,००० रुपये पडले. त्यातील निम्मे वेतनाचे, म्हणजे दरमहा २,००० रुपये. एवढ्या रकमेत ग्रंथपालाने दाखल नोंदवही लिहावी, देवघेव सांभाळावी, फाटलेली पुस्तके चिकटवावी आणि तपासणीस आलेल्या साहेबांपुढे सारे दप्तर अद्ययावत ठेवावे, अशी सरकारची अपेक्षा! ज्या जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, ज्या मराठी समाजाच्या सयाजीराव महाराजांनी बडोद्यास १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला, तेथे २०२२ च्या वाढीनंतरही ही दरमहा दोन हजारांची किंमत! हुशार मुले या व्यवसायाकडे फिरकत नाहीत याचे मग नवल कसले?

जाता जाता आणखी एक. नाक्यानाक्यावर लोकप्रतिनिधींच्या छबीसह उभारलेल्या पत्र्याच्या शेडींना ‘वाचनालय’ म्हणण्याची प्रथाही आता आवरावी. चार वर्तमानपत्रे, दोन बाकडी आणि पुस्तक औषधालाही नाही, अशा जागेवर खर्च होणाऱ्या पैशांत एखाद्या प्रशिक्षित ग्रंथपालाचा संसार सुखेनैव चालला असता.

सबब, ग्रंथपालाचे वेतन अनुदानातून वेगळे काढून सरकारने ते किमान वेतनाइतके तरी करण्याची तजवीज करावी. आणि ती होईपर्यंत १२ ऑगस्टच्या ग्रंथपालदिनी शाल-श्रीफळ न पाठवता थकलेला पगार पाठवावा.

आपला,
एक वाचक
वागळे इस्टेट, ठाणे