दहाच्या वसुलीला हजाराची लाठी



किहीमचा बंगला उडवला ते आठवतंय ना? ८ मार्च २०१९. नीरव मोदीचा बंगला, तीस हजार चौरस फुटांच्या घरातला. जानेवारीत यंत्रं लावली होती, पण बांधकाम असं दणकट की यंत्रं हरली. मग खांबांना भोकं पाडली, सुरुंग भरले, बंदोबस्त लावला आणि फटदिशी खलास. चौल-रेवदंड्यापर्यंत पोरांनी मोबाईलवर तो धुरळा पुन्हा पुन्हा बघितला, टाळ्या पिटल्या.

मला त्या टाळ्यांबद्दल बोलायचंय.

पंजाब नॅशनल बँकेला १३ हजार कोटींच्या वर टोपी घालणारा हा इसम १ जानेवारी २०१८ लाच देश सोडून गेला होता. बँक तक्रार घेऊन उभी राहिली महिना संपता संपता. बंगला पडला तो किनारपट्टीचे नियम मोडले म्हणून, हायकोर्टात जनहित याचिका होती म्हणून. बँकेच्या बुडालेल्या पैशाचा त्या स्फोटाशी संबंध नव्हता. आणि स्फोटानंतर अकराव्या दिवशी हा गडी लंडनमध्ये पकडला गेला. कुठे? बँकेत! नवं खातं उघडायला गेला होता. इकडे सुरुंग रिकाम्या घराला, तिकडे माणूस पुन्हा काउंटरवर. असल्या तमाशाला सरकार कारवाई म्हणतं.

पैशाचा गुन्हा म्हणजे काय? कुणाला भोसकलं नाही, कुणाच्या अंगाला हात लावला नाही. कर दिला नाही, तिकिटाचे पैसे दिले नाहीत, कर्ज फिटलं नाही. हिशेबाचा मामला. हिशेबाला वही लागते, कारकून लागतो, फार तर कोर्टाचा बेलिफ लागतो. लाठी, बेडी, बंदूक कशाला?

आमच्या किनाऱ्याला हे नवं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे बसले, तेव्हा समुद्रात गलबत घालायचं तर त्यांचा कार्ताझ घ्यावा लागे. पास म्हणा, परवाना म्हणा. नसला तर गलबत पकडायचं, माल लुटायचा. समुद्र कुणाच्या बापाचा? पण तोफ त्यांची, म्हणून जकात त्यांची. रेवदंड्याचा कोट बघायला पर्यटक येतात, फोटो काढतात. त्या तटाआडून कशाची राखण चालायची हे कुणी सांगत नाही. पुढे इंग्रज आला. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडाच्या झाडाला पिळला. १९३० साली मिठावरचा कर मोडला म्हणून धारासण्याला हात न उचलणाऱ्या माणसांची डोकी फोडली. करापेक्षा लाठ्या महाग पडल्या असतील, पण लाठीचा हिशेब कधी कुणी विचारतो?

आता आजचं बघा. माझ्या गँगमधला एक पोर. नाव नको. पाळी संपवून गावाकडे निघाला, खिशात वडापावपुरते पैसे, गाडीत बिनतिकीट सापडला. दंड भरता येईना. रात्रभर बाकड्यावर बसवला, दोन कानाखाली बसल्या त्या वेगळ्या. सकाळी दोन हवालदारांच्या मध्ये कोर्टात. रेल्वेचा १९८९ चा कायदा सांगतो, कलम १३७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिकीट होतं काही दहा रुपयांचं. मी मॅट्रिक झालेला माणूस, मोठं गणित येत नाही, पण एवढं येतं: दोन हवालदारांचा दिवसाचा पगार, गाडीचं डिझेल, कोर्टाचा वेळ, कोठडीतली भाकरी. दहाच्या पाठीमागे हजारो गेले. आणि पोराचे दोन खाडे पडले, मुकादमाने नाव काढून दुसरा घेतला, ते कुठल्याच वहीत नाही.

असे किती आत आहेत? सरकारचाच आकडा, २०२२ अखेरचा: देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. गुन्हा शाबीत नाही, तरी आत. पाचातला एक आपल्या जातींचा. यातले सगळे पैशाच्या गुन्ह्याचे नाहीत हे मला कळतं. पण जामिनाचा आकडा परवडत नाही म्हणून आत सडणाऱ्यांची गोष्ट १९७८ सालीच सुप्रीम कोर्टापुढे आली होती. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला गवंडी. दहा हजारांचा जामीन मागितला; भाऊ जामीन राहायला तयार, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर सोडला. १९८० साली त्यांनीच सांगितलं, देण्याची ऐपत नसलेल्याला नुसत्या कर्जापायी तुरुंगात घालणं घटनेच्या २१ व्या कलमात बसत नाही. निकाल बांधून कपाटात गेला. आपल्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत थकबाकीदाराला धरून डांबायची सोय अजून आहेच.

आणि दुसऱ्या बाजूला? २०१४-१५ पासून नऊ वर्षांत बँकांनी सुमारे १४.५६ लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली, असं सरकारने २०२३ साली संसदेत सांगितलं. त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा मोठ्या उद्योगांचा आणि सेवांचा. निर्लेखित! काय साजूक शब्द आहे. वसुली चालूच राहते म्हणतात. राहत असेल. पण त्या वसुलीत कानाखाली बसत नाही एवढं नक्की.

सातासमुद्रापार तेच. १९७२ साली मुंबईत ज्यांच्या नावावरून आपण पँथर झालो, त्या काळ्या भावांच्या मुलखात एरिक गार्नर २०१४ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गळा आवळून मेला. संशय कसला? करचुकव्या सुट्ट्या सिगरेटी विकल्याचा. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड. संशय कसला? वीस डॉलरची खोटी नोट चालवल्याचा. नऊ मिनिटं मानेवर गुडघा. मिनियापोलिस शहराने त्याच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर मोजले. वीस डॉलरच्या नोटेपायी! मेलेला तर परत आलाच नाही.

आपल्यातलेच काही म्हणतील, मग मोदी-मल्ल्यांना चौकात फोडा, लाठी त्यांच्याकडे वळवा. ऐकायला बरं वाटतं. मला पटत नाही. लाठी लांब केली की ती आधी जवळच्याच्या पाठीत बसते, आणि तिच्या जवळचे आपण आहोत. याच किनाऱ्यावर १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. कस्टम होतं, पोलीस होते, नाकी होती, बंदुका होत्या. पैसे खाऊन वाट मोकळी केली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्यातल्या कस्टमवाल्यांना, पोलिसांना पुढे टाडा कोर्टाने शिक्षा दिल्या. तेव्हा बळ कमी नव्हतं. बळ विकलेलं होतं. आणखी बळ दिलं असतं तर आणखी महाग विकलं गेलं असतं.

बड्यांचं काय करायचं? मालमत्ता जप्त करा, वेळेत करा, पळायच्या आधी पासपोर्ट धरा, हिशेब उघडा, लिलाव करा, पैसा बँकेत परत आणा. यात सुरुंग कुठे लागतो? आणि आपल्या पोराकडे दहा नसतील तर त्याला हप्ता बांधून द्या. कोठडीपेक्षा स्वस्त पडेल.

तोवर एक काम. केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना काढली: त्या वर्षीच्या नियमांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत सरकारने भरायचं ठरलं. वाड्यावस्त्यांत कुणाला पत्ता नाही. ज्याच्या घरचं माणूस दंडापायी वा जामिनापायी आत आहे, त्याने नाव आणि केसचा नंबर घेऊन यावं. रविवारी माझी पाळी नसते. अर्ज मी लिहून देतो, अक्षर बरं आहे.