तिला विचारलंत का?

माझी थोरली बहीण सांगलीची, मी साताऱ्याची. ताईला स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, गेलेले केस पुन्हा दाट आले. तीन वर्षं गेली आणि आम्ही सगळे तो विषय विसरलोही. मग एका दिवाळीत तिनं चकलीच्या पिठात दोनदा मीठ घातलं. लाटणं मागताना तिला शब्द आठवेना, "ते आण ना गं, ते... पोळ्यांचं," म्हणाली. आम्ही हसलो. सकाळी डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. दाजी म्हणाले, पित्त असेल. घेतलं आलं-लिंबू.

एका रात्री फिट आली. शेजारणीनं कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एमआरआय काढला. मेंदूत तीन गाठी निघाल्या.

डॉक्टरांनी दाजींना आणि भाच्याला बाहेर बोलावलं. "पसरलाय. आता फार काही करण्यासारखं नाही, घरी न्या," एवढंच ते म्हणाले. त्यावर भाचा पहिलं वाक्य बोलला ते असं, "आईला सांगायचं नाही." मीही मान हलवली. मैत्रिणींनो, त्या हलवलेल्या मानेबद्दल मला आज लिहायचंय.

पुढचे नऊ-दहा दिवस घरात नाटक चाललं. फाइल कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे. पाहुणे यायचे, अंगारा लावायचे, कुणी कुठल्याशा वैद्याची पुडी आणायचं. ताईसमोर सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायचे. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "अगं, माझ्याच डोक्यात झालंय आणि मलाच पत्ता नाही होय?"

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, "डॉक्टरला एवढंच विचारा, पोरीच्या बाळंतपणापर्यंत मला माणसं ओळखू येतील का?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही फक्त "किती दिवस?" असं विचारत बसलो होतो.

तिच्या त्या प्रश्नासाठी आम्ही फाइल, सीडी, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड गोळा केल्या आणि महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घेतलं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मेंदूभोवती निसर्गानं एक गाळणी ठेवलेली असते. केमोची बरीच औषधं तिच्यातून पलीकडे जात नाहीत. म्हणून गाठी एक-दोन किंवा थोड्या असतील तर नेमका त्यांच्यावरच किरणांचा मारा करतात, जास्त असतील तर सगळ्या मेंदूला किरणं देतात. एखादी गाठ मोठी असेल आणि जागा सोयीची असेल, तर ऑपरेशनही करतात. काही प्रकारच्या गाठींसाठी आता मेंदूपर्यंत पोचणारी औषधं आहेत, म्हणून बायोप्सीचे जुने कागद सोन्यासारखे जपायचे. डोकं ठणकतं ते बऱ्याचदा गाठीभोवतीच्या सुजेमुळे. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी साखर वाढते, आणि मनानं त्या एकदम बंद करायच्या नसतात.

ताईचं डोकं दोन दिवसांत उतरलं. किरणांसाठी मुंबईत राहावंही लागलं नाही, मिरजेतच झालं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. आता मिरजेत, कराडात, साताऱ्यातही किरणोपचार होतात. मत मुंबईचं आणि उपचार गावाजवळ, असं जमू शकतं. हे आधी कळलं असतं तर आमचे दहा दिवस वाया गेले नसते.

मेंदूत पसरलेला कर्करोग बहुतेक वेळा मुळापासून जात नाही, हे मी लपवणार नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मेंदूत २०१५ साली कर्करोगाचे चार ठिपके सापडले, तेव्हा ते नव्वदीचे होते. किरणं आणि नवं औषध घेऊन ते २०२४ पर्यंत, वयाची शंभरी पाहून गेले. पण त्यांचा कर्करोग वेगळा होता आणि सगळ्यांचं तसं होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की "पसरला" म्हणजे "संपलं" असं ऐकून उठू नका. गाठी किती, कुठं आहेत, या उपचारानं काय साधणार, त्रास काय होणार, उपचार नाही घेतला तर काय होईल, हे कागदावर लिहून विचारा.

पैशाचंही विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा. एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत आहे. मुंबईत राहायची पंचाईत झाली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं वेदनाशमन केंद्र १९९७ पासून मोफत चालतं, तिथं रुग्णासोबत घरचं माणूसही राहू शकतं. अशा ठिकाणी माणूस फक्त मरायला जातो असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. दुखणं, उलट्या, झोप, भीती यांवर इलाज पहिल्या दिवसापासून मागायचा असतो.

आणि जी रात्रंदिवस उशाशी बसते, तिचं काय? बहुतेक घरांत ती सून, लेक नाहीतर बहीण. ताईच्या सुनेची पाठ भरून यायची, पण ती कधी बोलली नाही. शेवटी आम्ही पाळ्या लावल्या. भाचाही आईची वेणी घालायला शिकला.

ताईनं नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा बाळाचं नाक आपल्या आईसारखं आहे, हे सगळ्यांत आधी तिनंच ओळखलं. एमआरआयनंतर ती चौदा महिने जगली. शेवटी पुन्हा केमोचा विषय निघाला तेव्हा "आता टोचणं बास, दुखू नये एवढं बघा," असं तिनंच सांगितलं. दाजींना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. बँकेचं खातं, दागिने, सुनेला द्यायची पैठणी, सगळं तिनं शुद्धीत असताना बोलून घेतलं. ते दहा दिवस आणखी लांबले असते तर यातलं किती राहून गेलं असतं कोण जाणे.

घरातल्या बाईला आपण भाजी कुठली करू हे रोज विचारतो. तिच्याच आजाराबद्दल मात्र तिला विचारत नाही. तिला सोसणार नाही म्हणतो, पण खरं तर आपल्यालाच सोसत नसतं. एखादीला सगळं ऐकायचं नसेलही, तोही तिचा हक्क. पण "तुला किती सांगू?" एवढं तरी तिला विचारायला हवं. फाइल कपाटावर ठेवण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा.