आंघोळ आपल्या हाताने

जबलपूरच्या सिविल लाइंसमधील इंग्रजी अमदानीतला एखादा बंगला डोळ्यांसमोर आणा. उंच छत, जाड भिंती आणि प्रशस्त न्हाणीघर. भिंतीवर पुरुषभर उंचीला शॉवर बसवलेला, पण घरातल्या सासूबाई मात्र पाटावर बसून बादली-तांब्यानेच आंघोळ करणार. वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे, उजवा खांदा आखडलेला. एके सकाळी त्या म्हणतात, ‘‘तांब्या खांद्याच्या वर जात नाही गं आता.’’

‘‘मग मी घालते ना आंघोळ, आई,’’ सून चटकन म्हणते.

सासूबाई गप्प होतात आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आज अंगात कणकण आहे’ म्हणत आंघोळच टाळू लागतात.

हा हट्ट नव्हे. सुनेची माया त्यांना कळते, पण जन्मभर जपलेली लाज म्हातारपणी सोडणे जिवावर येते. अशा वेळी असलेल्या शॉवरलाच हातात धरायचा शॉवर जोडला, तर बसल्या बसल्या, स्वतःच्या हाताने आंघोळ करता येते. दांडीवर वर-खाली सरकवता येणारा शॉवर जर्मनीच्या हान्सग्रोहे कंपनीने 1953 मध्ये बाजारात आणला. आज हँड शॉवर आपल्याकडे सॅनिटरी सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

निवड करताना

आधी पाण्याचा दाब पाहा. टाकी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल, तेव्हा कुठे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब मिळतो. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. तिथे अनेक प्रकारच्या धारांचा महागडा शॉवर नुसताच ठिबकतो. कमी दाबावर चालणारा, साधा आणि वजनाला हलका शॉवर घ्यावा. उंचावरून पाइप सोडायचा आणि बसून वापरायचा असेल, तर दीड मीटरऐवजी दोन मीटरचा पाइप बरा.

बसवताना

जुना शॉवर काढून त्या जागी दोन तोंडांचा डायव्हर्टर बसवतात. एका तोंडाला जुना शॉवर, दुसऱ्याला नवा पाइप. त्यामुळे घरातल्या इतरांचीही अडचण होत नाही. आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात, तरी विकत घेण्यापूर्वी जुना शॉवर दुकानात दाखवावा. नळीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट करण्याच्या दिशेनेच गुंडाळावी. लवचीक पाइपच्या टोकाला मात्र रबरी वॉशर पुरतो. तिथे हाताने आवळले की झाले.

जुन्या घरातली लोखंडी नळी आतून गंजलेली असू शकते. पान्याने जोर लावला, तर ती भिंतीच्या आतच तुटते. अशा ठिकाणी प्लंबरलाच बोलवावे.

वापरताना

शॉवर अडकवण्याचा हूक बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावा. मात्र त्या हुकाला धरून कोणी उठू नये, तो अंगाचा भार पेलत नाही. आधारासाठी भिंतीत पक्का दांडा वेगळा बसवून घ्या. पाटाऐवजी पाय न घसरणारे मजबूत स्टूल ठेवा.

60 अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत पोळते. म्हणून गिझर 50 अंशांच्या आसपास ठेवा. आधी थंड नळ उघडा, मग गरम. बंद करताना आधी गरम. पाणी अंगावर घेण्यापूर्वी हातावर पाहा. शॉवरच्या मुठीवरचे बटण दाबून पाणी थांबवले, तरी आंघोळीनंतर नळ बंद करायलाच हवेत, नाहीतर पाइपवर सतत ताण राहतो. शॉवर बादलीत बुडवून ठेवू नका. क्षारांनी छिद्रे बुजली, तर तो थोडा वेळ व्हिनेगरमध्ये भिजवून घासा.

दाराला आतून कडी न लावता ते नुसते लोटून घ्यावे, एवढे मात्र सासूबाईंकडून कबूल करून घ्या. सुनेने बाहेर हाकेच्या अंतरावर असावे. आत पाण्याचा आवाज येत राहील. थोड्या वेळाने ‘‘झालं का, आई?’’ असे विचारावे आणि आतून ‘‘थांब गं, घाई काय आहे!’’ असे उत्तर आले, तर सगळा खर्च वसूल झाला म्हणायचा.