सरपंचकी हें नवें वतन काय?

गांवची सरपंचकी हें बापजाद्यांचें वतन नव्हे, हें आमच्या लोकांना अजून सांगावें लागतें, यासारखी लाजेची गोष्ट दुसरी नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतील कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हां रयतेनें सुटकेचा सुस्कारा टाकला. त्या कुलकर्ण्यावर रयतेचा राग कशाचा होता? त्याच्या शेंडीचा नव्हे. दप्तर त्याच्या घरीं, लेखणी त्याच्या हातीं, आणि त्यानें कांहींही खरडलें तरी त्याला जागेवरून हलविणारा गांवांत कोणी नाहीं, याचा तो राग होता. आज दप्तर आमच्याच भावाच्या हातीं आलें आहे. तेंच दप्तर त्यानें घरीं नेऊन ठेवलें, तर तो नवा कुलकर्णी झाला कीं नाहीं? वतनदाराची जात बदलली म्हणून वतनाचा जुलूम बदलत नाहीं.

आमच्या तालुक्यांतील एका गांवची हकीकत ऐका. पाण्याच्या कामाचा पैसा उचलला गेला. विहीर कागदावर पुरी झाली. आयाबहिणी मात्र अजून ओढ्याचेंच पाणी वाहतात. दोघां पोरांनीं ग्रामसभेंत उभे राहून हिशेब मागितला. उत्तर मिळालें, "पांच वर्षांसाठीं निवडून आलों आहें, पांच वर्षांनीं विचारा!" त्यावर गांवांतील शहाणे म्हणाले, "जाऊं द्या हो, खाल्लें तर आपल्याच माणसानें खाल्लें." वाहवा रे आपला माणूस! परक्यानें कापली तर मान दुखते, आणि घरच्यानें कापली तर गोड लागते काय? शेतकरीबंधूंनो, हें एक वाक्य जोंवर आपल्या तोंडीं आहे, तोंवर कोणताही कायदा आपल्याला तारणार नाहीं.

आतां कायद्याचेंही पाहूं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत सरपंचाला काढण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली कलम ३९ ची. गैरवर्तनाची चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानें करावयाची, निकाल विभागीय आयुक्तानें द्यावयाचा, आणि त्यावर पुन्हां सरकारकडे अपील. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाहीं, त्यानें जिल्ह्याच्या नि आयुक्तांच्या कचेऱ्यांचे उंबरठे किती दिवस झिजवावे? चोर तोंवर पांच वर्षें पुरीं करतो आणि हार घालून घरीं जातो.

दुसरी वाट कलम ३५ ची, म्हणजे अविश्वासाची. सरपंच थेट गांवानें निवडावा असें २०१७ सालीं ठरलें, २०२० सालीं तें मोडलें, २०२२ सालीं पुन्हां आलें. अशा सरपंचावर पहिलीं दोन वर्षें ठराव आणतां येत नाहीं. पुढें तीन-चतुर्थांश सदस्यांनीं ठराव मंजूर केला, तरच तो ग्रामसभेपुढें गुप्त मतदानाला येतो. गुप्त मतदान उत्तमच. पण त्या दाराची किल्ली सदस्यांच्या खिशांत! सात सदस्यांच्या पंचायतींत सरपंचानें दोघांना फोडलें, कीं सारा गांव ओरडत राहिला तरी ठराव मेला. ठरावाच्या आधीं सदस्यांना गाडींत घालून सहलीला कां नेतात, हें कोणाला ठाऊक नाहीं? निवडतांना गांव मालक आणि काढतांना गांव बघ्या, हा कोठला न्याय?

आपल्या शेजारीं काय झालें तें पाहा. मध्य प्रदेशांत २००१ सालीं अनुपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनींच मत देऊन परत बोलाविलें. भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची अशा दोन चिन्हांवर तिकडे मत घेतात. अक्षरशत्रु मजुरालाही त्याचा अर्थ कळतो. २००८ सालीं छत्तीसगडांत तीन ठिकाणचे नगराध्यक्ष असेच घरीं गेले. तेथेंही आरंभ नगरसेवकांच्याच हातीं होता, एवढें वैगुण्य होतें. हरियाणानें २०२० सालीं सरपंचांपुरता तोही आरंभ मतदारांना दिला. मग जोतीरावांच्या महाराष्ट्रालाच तो देण्याची भीति कां वाटावी?

येथें कोणी म्हणेल, "हें हत्यार गांवगुंडांच्या हातीं गेलें तर?" हा प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील विचखेडा येथील बाई सरपंचाला सरकारी जागेवरील घराचें निमित्त करून अपात्र ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं तो हुकूम रद्द केला, आणि बाईचा कारभार गांवकऱ्यांना सोसला नाहीं, अशी कानउघाडणी केली. महार, मांग, चांभार वा बाईमाणूस खुर्चीवर बसलें कीं ज्यांच्या पोटांत दुखतें, ते ह्या हत्याराची वाटच पाहत असतात. ते सारे भटच असतात, असें आमच्यापैकीं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

म्हणून आमची मागणी मोघम नाहीं. परत बोलावण्याचा अर्ज गांवच्या मतदारांना करतां यावा. त्यांत आरोप लेखी आणि नेमका असावा. मतदानाआधीं हिशेबाच्या वह्या चावडीवर वाचून दाखवाव्या आणि सरपंचाला आपली बाजू मांडूं द्यावी. मत गुप्त असावें. आणि राखीव जागा रिकामी झाली, तर पुढचा माणूस त्याच वर्गांतून यावा, म्हणजे जागा बळकावण्यासाठीं खोटा आरोप करण्याची कोणाला हांव उरणार नाहीं.

जोतीराव १८७६ पासून पुण्याच्या म्युनिसिपालिटींत सभासद होते. ते लोकांनीं निवडलेले नव्हते, सरकारनें नेमलेले होते. तरी व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याचा ठराव आला तेव्हां त्यांनीं एकट्यानें विरोधीं मत दिलें. सरकारनें नेमलेला माणूस रयतेच्या पैशाला जपला. आणि रयतेनें निवडलेला माणूस रयतेचीच विहीर गिळतो! अशाच्या घरावर जोतीरावांची तसबीर असली म्हणून आम्ही त्याला सत्यशोधक म्हणावें काय?

बंधूंनो, येत्या ग्रामसभेला जा. भांडणासाठीं नव्हे, वही पाहण्यासाठीं जा. "आपला माणूस" कोण? जो हिशेब देतो तो आपला. जो देत नाहीं, तो आपल्या आईच्या पोटचा असला तरी त्याची खुर्ची रिकामी करा.

— एक सत्यशोधक शेतकरी